रक्तपेढीच्या बाई आणि माझी यादी

आमच्या मंडळाच्या रक्तदात्यांच्या यादीत मी एका घरातल्या सगळ्यांपुढे एकच रक्तगट लिहिला होता. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते खालपर्यंत ओढायचं. बायकोलाही नवऱ्याचाच गट. लग्नानंतर रेशनकार्डावर नाव चढतं तसा रक्तगटही चढत असावा, इतपत माझी समजूत होती. लालबागच्या आमच्या चार मजली चाळीची यादी मी एका दुपारी, एकही जिना न चढता, कॅरम खेळता खेळता पुरी केली. मंडळाचा सेक्रेटरी असल्याचा हा फायदा.

यादी घेऊन परळच्या एका रक्तपेढीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. तिथल्या तंत्रज्ञ होत्या त्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

“सेक्रेटरी, हे विचारलंत की तपासलंत?”

“विचारलं.”

“लग्नात रक्तगट बदलतो, हे मला आज कळलं,” असं म्हणून त्यांनी माझी यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या नळ्यांचे नंबर लिहायला घेतले.

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच करत. कँटीनवाला म्हणाला, बिनसाखरेचा चहा आहे, की “विचारलंस की तपासलंस?” म्हणत आधी चमचाभर चाखून बघणार. कोळणीनं पापलेट ताजं म्हटलं की कल्ला उचलून बघणार. कोळीण त्यांना शिव्या घालायची आणि मासळी मात्र त्यांच्यासाठीच वेगळी काढून ठेवायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोबत बाजारात जायला नकोशी वाटतात. माणूस हॉस्पिटलात असला की मात्र पहिली तीच आठवतात.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हाची गोष्ट. गर्भाशयात गाठ होती, रक्तस्राव थांबत नव्हता. हिमोग्लोबिन पार सहावर आलेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दोन-तीन दिवसांत करावंच लागेल, पण आधी रक्त आणा. मी यादी उघडली. वहिनींपुढे ‘ओ पॉझिटिव्ह’, म्हणजे अर्थात त्यांच्या नवऱ्याचा गट. चाळीतले पाच ओवाले गोळा केले आणि बाह्या वर करून आमची वरात रक्तपेढीत पोचली.

बाईंनी वहिनींचा नमुना तपासला. पहिल्या तपासणीत ओच दिसला. माझी छाती फुगली.

“बघा. न तपासता बरोबर आलं की नाही?”

बाई पुन्हा आत वळल्या. त्यांनी पेढीतल्या ओच्या एका पिशवीशी वहिनींचं रक्त जुळवून पाहिलं. मग दुसरीशी, मग तिसरीशी. अर्ध्या तासानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “रक्त देता येणार नाही.”

मी तापलो. “ओला ओ चालत नाही? अहो, ओ तर सगळ्यांना चालतं. तुमचं औषध जुनं झालं असेल. मी नगरसेवकांना फोन लावतो.”

“लावा. ते आले तर त्यांचंही तपासते. तोवर तुम्ही आत या.”

दोन नळ्या त्यांनी उजेडासमोर धरल्या. पहिली हलवली, तर तळाचं लाल अलगद पाण्यात मिसळून गेलं. दुसरी हलवली, पण तळाचा गोळा काही फुटेना.

“पहिल्या नळीत खरा ओ होता. हा गोळा तुमच्या वहिनींच्या रक्तातला. ओच्या पेशी घातल्या की असा होतो. नळीत होतो तेच शरीरात झालं असतं. वाचल्या नसत्या त्या.”

मी खुर्ची शोधली.

मग बाईंनी मला समजावलं. वहिनींचा गट साध्या तपासणीत ओसारखा दिसतो, पण ओ नव्हे. त्याला बॉम्बे म्हणतात, कारण तो पहिल्यांदा आपल्याच शहरात सापडला. फार थोड्या माणसांचा असतो. अशा माणसाला फक्त तशाच माणसाचं रक्त चालतं. बाहेर उभ्या असलेल्या पाच जणांनी मुकाट्यानं बाह्या खाली केल्या.

बाईंनी आपल्या वहीतून दोन नंबर काढले. एक दाता परदेशात होता. दुसऱ्यानं दीड महिन्यापूर्वीच रक्त दिलं होतं, इतक्यात त्याचं पुन्हा घेता येत नव्हतं. बाईंनी वही मिटली आणि विचारलं, “त्यांच्या माहेरचं कोण आहे?”

“एक बहीण शीवला, एक भाऊ ठाकूरद्वारला.”

“मग चला. भावंडांतच सापडण्याची आशा जास्त. एकाच घरात रक्त शोधायचं तर माहेरी शोधायचं, सेक्रेटरी, सासरी नाही.”

ड्यूटी संपल्यावर त्या स्वतः निघाल्या. नमुन्याचा डबा मी उचलला. त्या दिवशी मला तेवढंच जमण्यासारखं होतं. बहिणीचा गट साधा ओ निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं ठाकूरद्वार गाठलं. भाऊ म्हणजे दरवाजाएवढा माणूस. दहीहंडीला सगळ्यात खालच्या थरात उभा राहणारा. सुई पाहिल्याबरोबर तो स्वयंपाकघरात गेला आणि आतून कडी लावून बसला.

“बाई, सुई बघलंय काय माजे हातपाय गळतत,” आतून आवाज आला.

“मग नका बघू. बघायचं काम माझं.”

“उद्या येतंय मी.”

“उद्या ऑपरेशन आहे. मी इथेच बसते.”

आणि त्या खरंच बसल्या. दारासमोर पाट घेतला, वहिनींच्या लहानपणी कोणाला काय आवडायचं ते विचारत राहिल्या. पाऊणएक तासानं कडी सरकली. त्यानं डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. बाईंनी रक्त काढून पट्टी लावली तरी तो विचारत होता, टोचलं कधी?

त्याचा गट बॉम्बे निघाला. बाईंनी तीनदा तपासला, मग वहिनींच्या रक्ताशी जुळवला. या वेळी गोळा झाला नाही. मग त्यानं पेढीत येऊन, डोळे मिटूनच, पिशवीभर रक्त दिलं. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.

नंतर त्यांनी माझ्याकडून यादी नव्यानं करून घेतली. रविवारी सकाळी त्या डबा घेऊन चाळीत येत आणि मी पुढे दारं वाजवत जाई. माझा स्वतःचा गट मी जन्मभर बी म्हणून सांगत आलो होतो, तो ए निघाला. “इतकी वर्षं रक्त देताना कोणी सांगितलं नाही?” बाईंनी विचारलं. मी कबूल केलं, की मी कधी दिलंच नव्हतं. शिबिरात माझ्याकडे व्यवस्था असायची. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि पुढच्या शिबिरात मी निमूट खाटेवर पडलो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या महिन्यापर्यंत मला फोन करून विचारत होत्या, चौथ्या मजल्यावर नवी सून आली, तिचं तपासलं का म्हणून. मंडळानं शोकसभा घेतली नाही, शिबिर घेतलं. वहिनी नाव नोंदवायला बसल्या होत्या. त्यांचा भाऊ चहा-बिस्किटं वाटत होता. त्याचं रक्त शिबिरात घ्यायचं नाही, गरज पडली की बोलवायचं, असं बाई सांगून गेल्या होत्या.

माईक अर्थातच माझ्याकडे होता. म्हणालो, “बाईंच्या मार्गदर्शनाखाली आपण सगळ्यांनी मिळून आपल्या वहिनींचा जीव वाचवला.”

वहिनींनी पेन खाली ठेवलं.

“आपण कोण, भाऊजी? तुम्ही तर पाच जणांना घेऊन मला मारायला निघाला होता. बाईंनी तुमचं ऐकलं नाही, म्हणून मी आहे.”