ताईसाठी सारवलेली भिंत

माझ्या आयुष्यातली सगळ्यात कसून केलेली तयारी ढेकणांविरुद्धची. परीक्षेची मी अशी तयारी कधीच केली नाही. मॅट्रिकला इतक्या निवांतपणे नापास झाले की आईला माझ्यावर रागवायचंही सुचलं नाही. त्या वर्षी मी घरीच होते, सतरा वर्षांची, तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीच्या काठाला आमची बौद्धवाडी, कशेडी घाटाकडे जाणारे ट्रक जिथे गिअर बदलतात तिथून दहा मिनिटं खाली. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आई आणि मी, आणि लग्न होऊन मुंबईला गेलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, वाट बघणं.

ताई वर्षभर आली नव्हती, आणि त्याला कारण ढेकूण. आदल्या मे महिन्यात भावोजी पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले. ते मुंबईला गोदीत कामाला होते, आणि पोहणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आमच्या वाडीखालच्या डोहाचं वर्णन ताई लग्न झाल्यापासून त्यांना ऐकवत होती. आले, डोहात एक बुडी मारली, रात्री आमच्या बाजेवर झोपले आणि सकाळी पाठीवर लाल गांधी घेऊन पहिल्या एसटीने परत गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी घरी जाऊन फक्त झालं ते सांगितलं. पण त्यांच्या आईने ते धरून ठेवलं. जिथे माझा लेक झोपू शकत नाही तिथे सून जाणार नाही, असा त्यांनी निकालच देऊन टाकला.

यंदा डोहासाठी भावोजींचंच मन पुन्हा ओढ घेत होतं. एप्रिलच्या शेवटी ताईचं अंतर्देशीय पत्र आलं. आईला वाचता येत नसे, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. शेवटच्या दोन ओळी मात्र मनातच वाचल्या, कारण त्या मला लिहिल्या होत्या. “बाय, ढेकूण, डास, जे काय चावतं त्याचा बंदोबस्त कर. या वेळेला हे उठून गेले तर माझं माहेर तुटलं असं समज.”

मी पदर खोचला. आधी बाज उन्हात काढली, तिचा काथ्या सोडवून उकळत्या पाण्यात टाकला, आणि खुरांच्या फटीफटीत कोंबडीच्या पिसाने रॉकेल सोडलं. ढेकूण पटापट बाहेर पडत होते आणि मी त्यांना नावं ठेवत चिरडत होते. गोधड्या नदीवर नेऊन आपटल्या, तीन दिवस खडकावर वाळवल्या. पिसवा होऊ नयेत म्हणून दोन्ही शेळ्या शेजारच्या पडवीत हलवल्या. बाजेखाली पसरायला आणि संध्याकाळी धुरी द्यायला निरगुडीचा पाला आणला. अंगाला चोळायला करंजाचं तेल बाटलीत भरून ठेवलं. शाळेच्या गुरुजींकडून मच्छरदाणी मागून आणली. ती एकाच माणसापुरती होती आणि तिला सतरा भोकं होती. ती मी एकेक करून शिवली. आई म्हणाली, एवढा अभ्यास केला असतास तर मामलेदार झाली असतीस.

पाहुणे यायला चार दिवस होते तेव्हा वाडीत फवारणीवाले आले. हिवतापासाठी सरकारकडून ते डीडीटी मारायचे. वाडीतल्या निम्म्या बाया त्यांना दारातूनच परत पाठवायच्या. पावडरीने मांजरं मरतात, ढेकूण चवताळतात, घराला वास सुटतो, अशा त्यांच्या तक्रारी. मी मात्र स्वतः पुढे होऊन त्यांना बोलावलं. मला काहीच कमी पडू द्यायचं नव्हतं. भांडीकुंडी अंगणात काढली, आणि त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने पाठीवरच्या पंपाने माझ्या आतल्या खोलीच्या भिंती वरपासून खालपर्यंत भिजवल्या. तो महाडजवळच्या नाते गावचा होता, बोलायला मऊ. दाराच्या फळीवर गेरूने तारीख घातली आणि मला म्हणाला, “अडीच महिने भितीला हात लावायचा नाय. सारवलंस तर आमची पावडर शेणाखाली जाईल, आणि डास बसंल शेणावर. कळलं गो?”

मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की त्या वयात मला तेवढं कुठे कळत होतं. त्याने समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

भिंती वाळल्या आणि त्यांच्यावर पांढरे ओघळ उमटले. कुडाच्या भिंती त्या, वर मातीचा लेप. महिन्यापूर्वी मी त्या माझ्या हाताने सारवल्या होत्या, बोटांच्या कमानी काढल्या होत्या. आता कोणी वरून ताक फेकल्यासारख्या दिसत होत्या. आमच्याकडे लेक यायची म्हटली की घर सारवायचं, हे सांगावंच लागत नाही. न सारवलेलं घर दिसलं की माणसं दबक्या आवाजात विचारतात, कोण गेलं? आणि ताईच्या सासरी भिंतींना रंग होता, निळा, तेलाचा, हात फिरवला तर गुळगुळीत लागणारा. मी तो एकदाच बघितला होता आणि तेवढा पुरला होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आई महाडच्या बाजाराला गेली. मी दोन दिवस स्वतःला आवरलं होतं. ती पायवाटेने वर चढताना दिसली आणि माझे हात शिवशिवायला लागले. पाटीभर लाल माती आणि शेण कालवलं, आणि दुपारपर्यंत आतल्या खोलीच्या चारी भिंती सारवून काढल्या. असं सारवण मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही जमलं नाही. खाली पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. दारावरची गेरूची तारीख तेवढी शाबूत ठेवली, फळीच्या कडेने बोटं जपून फिरवली. सरकारी अक्षर होतं ते. भावोजींनी वाचावं आणि म्हणावं, वा, इथे फवारणीसुद्धा झाली आहे.

आई आली, दारात उभी राहिली. घर बघून तिचा चेहरा उजळला. मग तिला आठवलं. “त्यानं नको सांगितलं व्हतं ना गो?”

“वाळल्यावर चालतं म्हणाला,” मी म्हटलं. मला खोटं बोलायला एवढासाही वेळ लागला नाही.

ते चार दिवस राहिले. भावोजी सकाळ-संध्याकाळ डोहावर असत. वरच्या खडकावरून सूर मारत, खूप वेळ आत राहत आणि आम्ही घाबरल्यावर पलीकडच्या काठाला डोकं वर काढत. रात्री करंजाचं तेल चोळून मच्छरदाणीत शिरत. तेलाच्या वासाला नाक मुरडत, मी तर दिवा झालो म्हणत, आणि सकाळी उन्हं येईपर्यंत घोरत. एक ढेकूण म्हणून चावला नाही. मच्छरदाणी एकच, तेव्हा ताई आणि मी खाली गोधडीवर झोपायचो. ती भिंतीच्या बाजूला, मी दाराच्या बाजूला. निघताना भावोजींनी आईला वाकून नमस्कार केला आणि पुढच्या मे महिन्यात आठ दिवस राहतो म्हणाले. एसटीत चढताना ताईने माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हतेच.

पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं, अक्षर भावोजींचं. ताईला थंडी वाजून ताप भरला होता, दवाखान्यात ठेवलं होतं, रक्तात हिवताप निघाला होता. आईला मी ते वाचून दाखवलं आणि या वेळी एकही ओळ गाळली नाही. ताई उठली, पण ताप तिची पाठ सोडेना. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा यायचा. केस गळाले, अंगावर मांस राहिलं नाही. तिच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं म्हणे, की आधी लेक फोडून काढला, आता सून आजारी पाडली, तिसऱ्या खेपेला काय करणार? भावोजींनी आईचंच ऐकलं. ताईचं येणं बंद झालं.

पावसाळ्यात फवारणीवाले पुन्हा आले तेव्हा आई अंगणात त्यांची वाटच बघत होती. सगळ्या वाडीदेखत तिने त्या नाते गावच्या वयस्कर माणसाला धारेवर धरलं. पावडर विकून खाता आणि आमच्या घरात पाणी मारता, माझ्या लेकीचं माहेर तुम्ही तोडलंत, असं सगळं ती बोलली. तो आत गेला. भिंतीवर त्याने अंगठ्याचं नख ओढलं. सारवणाची खपली निघाली आणि खाली पांढरं दिसलं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते, कोपरापर्यंत शेणाने भरलेली, कारण गोठा सारवता सारवता उठून आले होते.

तो बाहेर आला. आईला म्हणाला, “चुकलं असंल, आये. कमी पडली असंल पावडर.” आणि पंप उचलून पुढच्या घराकडे गेला. पुढच्या घराने त्याला आत घेतलं नाही. त्यानंतर आमच्या वाडीने कैक वर्षं फवारा घेतला नाही, आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी गोधड्या पांघरून थंडीने कुडकुडत पडायचं. मी एक शब्द बोलले असते तर त्या माणसाची मान वर राहिली असती. मी तिथेच उभी होते, आणि बोलले नाही. ताईच्या तापापेक्षाही मला हे जास्त छळतं, कारण सारवताना मी फक्त मूर्ख होते. त्या अंगणात मी मूर्ख नव्हते.

पुढे आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंना मी आडून विचारलं. त्या म्हणाल्या, डास त्या पावडरीला सरावलेच होते, आणि डास नदीवरही चावला असेल, मुंबईतही चावला असेल, कोण सांगणार? हे त्यांचं बोलणं मी जपून ठेवलं आहे. फार जड वाटलं की काढते. थोडा वेळ पुरतं.

सहा वर्षांनी ताई आली. सासूबाई गेल्या होत्या. भावोजींची रजा मिळाली नाही म्हणून ती एकटीच आली. मी तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. घर मी सारवलं नव्हतं. आईने आठ दिवस भुणभुण लावली, लेक येतेय आणि ही कसली अवकळा म्हणून. पण ताई येणार आणि मी त्या भिंतीला हात लावणार, हे माझ्याने होईना. आतली खोली पोपडे धरून तशीच होती.

ताई आत जाऊन तिच्या जुन्या जागी बसली, भिंतीला पाठ लावून. मी समोर बसले. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “तापात मला काय आठवायचं माहीत हाय? तुझं सारवण. दवाखान्यात फिनेलचा वास मारायचा, मी डोळे मिटून तुझ्या भितीचा वास आठवायचे. त्या चार रात्री मी मुद्दाम भितीला नाक लावून झोपले व्हते, बाय. माझ्यासाठी सारवलंस म्हणून.”

तिने मागे हात नेऊन भिंत चाचपली. एक पोपडा तिच्या हातात आला. तो तिने बघितला आणि अलगद जमिनीवर ठेवला.

“या खेपेला नाय सारवलंस?”

“वेळ नाय झाला,” मी म्हटलं.

ती बरं म्हणाली. तिला लागलं होतं, ते तिने लपवलं. मी उठून गोठ्यात गेले, शेण आणि माती कालवली, आणि संध्याकाळपर्यंत सारवत राहिले. ताई उंबऱ्यावर बसून बघत होती आणि सुखाने काहीबाही बोलत होती. मी भिंतीकडे तोंड करून हूं हूं करत होते. त्या रात्री ती पुन्हा भिंतीच्या बाजूला झोपली.