कोऱ्या पाण्यातला कापूस

मंगळवार, फेब्रुवारी अखेर, सकाळची बैठक. हजर: मी (डीएनए वाचायच्या किटवर काम करणारी शास्त्रज्ञ), माझी सहकारी, पुण्याहून आलेले आमचे साहेब. भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचे मालक, म्हणजे आमचे शेजारी शेठ, यांना बोलावलं नव्हतं. ते चहा घेऊन हजर.

रुग्णाच्या रक्तातला डीएनए मशीनला वाचता यावा म्हणून लागणारी रसायनं आम्ही तयार करतो. दर चाचणीत एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची असते. तिच्यात काहीही सापडता कामा नये. आमच्या नळीत कापूस सापडत होता. जंतूचा नाही, माणसाचा नाही, कापसाच्या झाडाचा डीएनए.

आधी आम्ही साफसफाई वाढवली. पण सफाईवाल्या मावशी इथल्या रिवाजाप्रमाणे मागाच्या चिंध्यांनीच पुसत, त्यामुळे जितकी स्वच्छता तितका कापूस. चिंध्या बंद केल्या. आकडा उतरला, पण शून्य होईना. उरलेला कापूस शेठच्या मागांवरून हवेतून येत होता.

साहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या चाचणीत पाणी कोरं आलं नाही, तर प्रयोगशाळा पुण्याला हलेल. माझी सहकारी जवळच्या कोन गावाहून येते, घरी आई अंथरुणावर आहे. ती पुण्याला जाऊ शकत नाही, हे साहेब सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी शेठना एक शिफ्ट माग बंद ठेवायची विनंती केली. त्यांचा कपडा शुद्ध सुती म्हणून विकला जातो; त्यांनी उलट विचारलं की पाण्यातला कापूस मशीनला गावतो, तर सुतातलं पॉलिएस्टर गावेल का. पॉलिएस्टरला डीएनए नसतो, मी म्हणाले.

"नसतो? मग झालंच की मॅडम. तेवढंच लिहून द्या. 'शेठच्या कपड्यात पॉलिएस्टरचा डीएनए सापडला नाही.' तुमच्या लेटरहेडवर."

"शेठ, तो कुणाच्याच कपड्यात सापडणार नाही."

"दुसऱ्यांनी कुठे तपासून घेतलंय?"

साहेब खिडकीबाहेर बघत चहा पिऊ लागले. शेठनी शुक्रवारची सकाळची शिफ्ट द्यायचं कबूल केलं, कागद मिळाला तर. ते गेल्यावर सहकारीने मजकूर टाइप केला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, खोटं तर यात काहीच नाही."

खरंच नाही. मी दोनदा वाचला. शुक्रवारच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली आहेत: नळ्या, रसायनं, दाराच्या फटींना टेप. त्या कागदावरची माझी सही राहिली आहे.