ओहोटीच्या वेळचं जेवण

तिलारीचा घाट उतरून एसटी दोडामार्गाला लागली आणि खिडकीतून आंबूस-गोड वास आत आला. शेजारच्या बाईंनी न विचारताच सांगितलं, बोंडू (काजूचं फळ) पिकलेत. सांगलीहून निघताना आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं मला समुद्रकिनाऱ्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या. गोव्याला जाऊन कुणी चिखल बघत बसतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. माझं काम मात्र तेच आहे. मी बांधकामाची अभियंता. काही पडलं, खचलं की ते का झालं हे बघायला मला बोलावतात.

या वेळी पडला होता तो एक साकव (पायी जाण्याचा लहान पूल). डिचोली तालुक्यात, मांडवीला मिळणाऱ्या एका भरती-ओहोटीच्या ओढ्यावर. जत्रेहून माणसं परतत असताना तो खचून खाली बसला आणि गावच्या शाळेतली रेश्मा नावाची तरुण शिक्षिका पाण्यात गेली, ती परत आली नाही. गावाचं नाव लिहीत नाही, चौकशी अजून चालू आहे. साकवाचा वरचा स्लॅब ओतणारा परशराम मिस्त्री चंदगडकडचा. गुन्हा त्याच्यावर नोंदवलेला. जामिनावर सुटलेला, पण चौकशी संपेपर्यंत तालुका सोडायचा नाही अशी अट. चौकशी समितीला बाहेरच्या तटस्थ माणसाचं मत हवं होतं. माझ्या मतावर या माणसाचं पुढचं सगळं अवलंबून आहे, हे मला निघतानाच ठाऊक होतं.

डिचोलीच्या स्टँडवर मला न्यायला दामोदरबाब आले होते. साठीचे, हसरे, गावातली लहानमोठी बांधकामं घेणारे, देवस्थानच्या कमिटीवरचे. त्यांनी माझी बॅग पाहिली, मग माझ्या मागे पाहिलं, आणि साहेब मागच्या गाडीनं येतात का म्हणून विचारलं. साहेब मीच, म्हटल्यावर बिचारे इतके ओशाळले की मलाच त्यांची कीव आली. मला हे नवं नाही. नोकरीला लागल्यापासून लोक माझ्या मागे साहेब शोधत आलेत. नव्या अभियंत्यांपुढे मी या विषयावर चांगला लांबलचक तास घेते: मनात नकळत बसलेले ग्रह आणि ते कसे ओळखावेत. ज्याला ठेच लागलीय त्याला वाटेतले सगळे दगड माहीत असतात, असा माझा समज होता.

मी लॉजवर उतरणार होते. दामोदरबाब म्हणाले, "लॉजवर कित्याक, बाय? आमच्याकडेच रावा. पावण्याक लॉजवर धाडलो तर गावाक बरें दिसना." आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ज्यांचा कामाशी संबंध, त्यांच्या घरचं अन्न घ्यायचं नाही आणि छप्परही नाही. हे मी त्या तासातही सांगते. पण दामोदरबाबांनी साकवाचे फक्त दोन टोकांचे पाये बांधले होते आणि पायांबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. शिवाय गेलेली रेश्मा त्यांची सख्खी पुतणी. मला ते संबंधितांपैकी वाटलेच नाहीत. मी गेले.

घर गोड होतं. बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) बसायला दोन्ही बाजूंना ओटे, भिंतीवर रेश्माचा हार घातलेला फोटो. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत यायचा आणि दामोदरबाबांच्या पत्नी, सुमतीवहिनी, त्याच्याकडून गरम उंडे (बाहेरून कडक, गोल पाव) घ्यायच्या. दुपारी उकड्या तांदळाचा भात, माशाचं हुमण (आमटी), वर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर (कोरडी कोशिंबीर). मी सांगलीची, मासे मला बेताचेच आवडतात असं मी अर्धं आयुष्य सांगत आले. वहिनींनी तो गैरसमज पहिल्याच पंगतीत दूर केला. त्या वाढताना मधूनच फोटोकडे बघायच्या. रेश्माला काय आवडायचं ते सांगायच्या आणि तेच मला वाढायच्या.

सकाळी होडीतून पलीकडे जायचं. कोसळलेल्या स्लॅबचे तुकडे पलीकडच्या काठावर ओढून ठेवले होते आणि तिथेच परशरामची पत्र्याची शेड होती. यंत्रानं मी स्लॅबचे नमुने कापून घेतले. काँक्रीट हलकं होतं, पाणी जास्त घातलेलं उघड दिसत होतं. गावाचं मत आधीच ठरलं होतं. गाडीत दामोदरबाब एकदा बोलून गेले की ही घाटी माणसं अशीच काम करतात. मग त्यांना आठवलं मी कुठची, आणि घाईघाईनं म्हणाले, "तुमी तशे न्हय, बाय." मी हसले. मला ते आवडलं होतं, आणि हे लिहिताना आता बोचतंय.

दोन्ही पाये मात्र बघायचे राहत होते. त्यांची खालची बाजू ओहोटीलाच उघडी पडते, आणि त्या दिवसांत ओहोटी भर दुपारी होती. त्या वेळी अलीकडच्या काठावरून हाक यायची की जेवण थंड होतंय. उद्या बघू, म्हणत मी होडीत बसायची. जेवून उठेपर्यंत पाणी परत चढलेलं असायचं.

मध्ये एक दिवस दामोदरबाब मला पेडण्याकडे कोरगावला घेऊन गेले. परशरामच्याच टोळीनं तिथे आधी एक साकव बांधला होता, तो मला बघायचा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूच्या बागा, झाडाखाली बाया बोंडू पिळून बिया वेगळ्या करत बसलेल्या. खाली खारट जमिनीतली भातशेती; तिथलं कोरगुट नावाचं भात खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही म्हणतात. साकव उत्तम होता, कुठे तडा नाही. इथे कुणीतरी चांगली देखरेख ठेवली असणार, असं मी म्हणाले, आणि आम्ही बोंडू खात परत निघालो. एक माझ्या कुर्त्यावर पिचकला, त्याचा डाग आयुष्यभर जात नाही असं मला नंतर कळलं.

परतताना नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं, नदीवर फेरीबोट (गाड्या-माणसं पलीकडे नेणारी बोट) माणसं उतरवत होती. आमोण्याला दामोदरबाबांनी बांधलेली एक संरक्षक भिंत वाटेत लागली. तिला हाताचं बोट आत जाईल एवढी भेग होती. नदीकाठची भराव टाकलेली जमीन, भिंत तरी काय करणार, असं मीच त्यांना म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी परशरामचा जबाब घ्यायचा होता. तो पन्नाशीचा, रुंद हाडांचा, फार न बोलणारा माणूस. गावात त्याला कुणी उधार काय, रोखीनंही सामान देत नव्हतं. डिचोलीहून आणावं लागायचं. टोळी केव्हाच घरी गेलेली, तो एकटाच शेडमध्ये. पाणी किती घातलं, कुणाच्या सांगण्यावरून घातलं, हे मी फिरवून फिरवून विचारलं. पाणी जास्त झालं हे त्यानं कबूल केलं. पंपातून माल पुढं जात नव्हता, म्हणून घातलं म्हणाला. मिस्त्री काही देवमाणूस नव्हता.

जबाब संपल्यावर त्यानं स्टोव्हवरचा चहा दोन पेल्यांत ओतला आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"नको," मी म्हटलं. "चौकशी चालू असताना तुमच्याकडचं काही घेता येत नाही मला. नियम आहे."

"व्हय," तो म्हणाला. "नियम हाय म्हंजे हाय." त्यानं पेला उचलून बाजूला ठेवला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला ते पटलंच होतं.

तेवढ्यात अलीकडून हाक आली. मी होडीत बसले, काठावर उतरले, हातपाय धुतले आणि पानावर जाऊन बसले. त्या दिवशी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं होतं. वहिनींनी वाढलं, मी घास घेतला, आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं. नियम आहे.

खाल्ल्या मिठाला जागावं हे आपल्याला पाळण्यातच शिकवतात, आणि मी ते इमानेइतबारे करत होते. पलीकडच्या माणसाचं चांगलं काम दिसलं की श्रेय देखरेखीला. अलीकडच्या माणसाच्या भिंतीला भेग दिसली की दोष जमिनीला. एकाला पाण्याचा हिशेब परत परत विचारला, आणि दुसऱ्याला पायाबद्दल एक अक्षर नाही. ज्याच्या घरातली पोर गेली त्याच्या हातून चूक झाली असेल, हा विचारच मी मनात येऊ दिला नव्हता. मला कुणी फसवलं नव्हतं. मला प्रेमानं जेवू घातलं होतं, बाकीचं माझं मीच केलं. मला भयंकर लाज वाटली.

मी पानावरून उठले. वहिनींना वाटलं शिंपल्यात वाळू लागली. दामोदरबाबांनी विचारलं, या उन्हात कुठे. ओहोटी आहे, मी म्हटलं.

चिखलात एक चप्पल गेली ती गेलीच. अलीकडच्या पायाशी पोचले तेव्हा पाणी पूर्ण उतरलेलं होतं. पाया कातळावर नव्हताच. खाली जुन्या बांधाचे चिरे होते, त्यांवर पाया टेकवलेला, आणि ओढ्यानं ते चिरे अर्धेअधिक नेले होते. बांबू आत सारला तर आरपार गेला. पाया पुढे कलला होता, आणि त्याच्याबरोबर साकव. मग होडीनं पलीकडे जाऊन तिथला पाया पाहिला. तो सरळ कातळावर बसलेला. म्हणजे स्लॅब कितीही चांगला असता तरी साकव कोसळलाच असता. होडीवाल्याला साक्षीला उभं करून मी फोटो काढले.

संध्याकाळी बाल्कांवात मी दामोदरबाबांना जे पाहिलं ते सांगितलं. ते म्हणाले, त्या बाजूला कातळ फार खोल लागत होता, जुना बांध पिढ्यान्‌पिढ्या हलला नव्हता, आणि तपासायला आलेल्या सरकारी अभियंत्यानं चालेल म्हटलं होतं. ते सगळं खरं असावं. हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, की माझ्यासारखंच त्यांनीही तिकडे बघायचं टाळलं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. भिंतीवरच्या रेश्माच्या फोटोकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

शेवटी म्हणाले, "बाय, आमच्या घरात जेवलात आणि असं लिवणार?"

"जेवले तेही लिहिणार आहे," मी म्हटलं.

वहिनींनी माझी बॅग दारापर्यंत आणून दिली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं तरी पडता आलं नाही. रात्री मी डिचोलीच्या लॉजवर होते.

निघण्याआधी सकाळी परशरामला गाठलं. पायाचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं. मग दुसरी गोष्ट सांगणं भाग होतं: मी त्या घरी राहिले, जेवले, आणि हे अहवालात पहिल्याच पानावर लिहिणार. त्यानंतर माझ्या मताला वजन राहणार नाही. समितीला नवा माणूस पाठवावा लागेल.

"त्यांच्या घरी जेवून त्यांच्याच विरुद्ध लिवलं, तर ते खरंच म्हणायचं की," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं की वकील तसं म्हणणार नाहीत. बाईंचं घरात बिनसलं म्हणून रागानं लिहिलं, असं म्हणतील. आणि नमुने मी सगळे एकाच बाजूचे घेतलेत, ते तर कागदावरच आहे. मी गप्प बसून नुसतं पायाचं लिहिलं असतं, तर कदाचित तो लवकर सुटला असता. तो मोह मला रात्रभर होता. पण उद्या कोर्टात ते बाहेर आलं असतं तर पायासकट सगळंच खोटं ठरलं असतं.

"म्हंजे अजून थांबायचं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "दुसरा सायब येईल, त्यो कुणाकडं उतरंल?"

एसटीत घाट चढताना, चंदगडच्या स्टँडवर, पुढे सांगलीपर्यंत त्याचा तो प्रश्नच डोक्यात होता. माझ्या मुक्कामाचं भाडं तो माणूस भरत होता, घरापासून लांब, पत्र्याच्या शेडमध्ये. पूर्वग्रहावरचा माझा तास मी पुढच्या आठवड्यात घेतला नाही. काय बोलायचं ते सुचेना.

अहवालात मी पाया, कातळ, वाहून गेलेले चिरे आणि कमी दर्जाचा स्लॅब, सगळं लिहिलं. पहिल्या पानावर माझं राहणं-जेवणं लिहिलं. शेवटी एक शिफारस घातली की पुढच्या तज्ज्ञानं मुक्काम आणि जेवण गावाबाहेर, स्वतःच्या खर्चानं करावं, आणि पाहणी ओहोटीपासून सुरू करावी. चार दिवसांनी समितीच्या कार्यालयातून फोन आला. बाकी ठीक आहे, पण शेवटची शिफारस काढा, ती तांत्रिक नाही, म्हणाले. मी म्हटलं, पाया कशावर टेकलाय हेच आपण बघायला जातो. बघणारा कुठे टेकलाय हेही त्यातच आलं. त्यांनी फोन ठेवला. मी वाक्य तसंच ठेवून अहवाल परत पाठवला.

नवा माणूस अजून नेमलेला नाही. परशराम तिथेच आहे.