शनिवारी घरी गेलेली पृथ्वी

चहा हातात आहे तोवर आधीच बजावून ठेवते, ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी फजिती आज पहिल्यांदाच पुरती सांगणार आहे. आमच्या ह्यांनासुद्धा अर्धीच ठाऊक आहे!

गोष्ट ऐंशी सालानंतरची. ह्यांना बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी, आमचं बिऱ्हाड जवळच्याच सरावली गावात, आणि मी तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेत. मी मूळची कऱ्हाडकडची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर. भरती-ओहोटी मी मुलांना पुस्तकातून शिकवायची, आणि ती मुलं माझ्याकडे दयेनं बघायची.

शाळेत शिक्षक दोनच. एक मी, दुसरे मुख्याध्यापक, म्हणजे आमचे गुरुजी. दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तपासणीला आलेल्या एकाही साहेबानं त्यांच्यावर वाईट शेरा मारला नव्हता. हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझा उत्साह काय विचारता! मे महिनाभर खपून मी साहित्य केलं होतं. मोजायला चिंचोके, काडेपेट्यांची आगगाडी, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर अक्षरं. आणि वेळेवर येणाऱ्याला बक्षीस म्हणून सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची चांदणी.

आठ दिवस छान गेले. मग मुलांनीच गावातली पाकिटं गोळा करून घरी चांदण्या कापायला सुरुवात केली. एक पठ्ठ्या छातीवर एकवीस चांदण्या लावून आला. आणि तो आठवड्यातले तीन दिवस गैरहजर होता, बोला!

मग लिमलेटच्या गोळ्या आणल्या. कपाटात मुंग्यांची जत्रा भरली. गुरुजींनी कपाट पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

त्याच कपाटात मुंग्या झटकताना मला तो दिसला. पृथ्वीचा गोल! निळाशार, फडक्यात गुंडाळलेला. शाळेच्या मालकीच्या वस्तूंची जी वही असते, डेडस्टॉक म्हणतात तिला, त्यात त्याची नोंद. साहेब आले की बाहेर, गेले की आत. मुलांनी त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

झालं, माझ्या डोक्यात चक्र फिरलं. जो आठवडाभर रोज येईल, त्यानं शनिवारी गोल घरी न्यायचा आणि सोमवारी आणायचा! गुरुजींना विचारलं का? छे हो! विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही. कपाट पुसायच्या निमित्तानं किल्ली माझ्याकडेच असायची.

काय सांगू, हजेरी अशी वाढली की बसायला जागा पुरेना. पृथ्वी घरोघर फिरून यायची, आणि गेली होती त्याहून स्वच्छ होऊन यायची.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. त्यानंतरच्या एका शनिवारी चौथीतली वनिता गोल घेऊन गेली. तिचे वडील धर्माभाऊ मासेमारी करायचे.

सोमवारी शाळेत पाय ठेवते तो गुरुजी दारातच. धुतलेली टोपी, हातात वही.

"बाई, निरोप आलाय. अकराला साहेब येतायत. कपाटातलं सगळं टेबलावर मांडा."

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं. माझी शेवटची तपासणी आहे, बाई."

वर्गात पाहिलं, वनिता नाही. प्रार्थना झाली, वनिता नाही. त्या माणसाची आयुष्यभराची अब्रू मी एका पोरीच्या हाती देऊन बसले होते!

"गुरुजी, वनिता आजारी आहे म्हणे. बघून येते पटकन."

धडधडीत खोटं! आणि निघाले बांधावरच्या आडवाटेनं, पदर खोचून, जवळजवळ पळतच.

वनिताच्या घराला कडी. अंगणात जाळ्यांचा ढीग, त्याला जाळं तरंगत ठेवणारे गोल गोल बोये बांधलेले. एका दोरीचं टोक मात्र मोकळं. मी त्या टोकाकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं. धर्माभाऊंची होडी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या, कडेला लागलेली, आणि तिच्या मागे पाण्यावर डुचमळत होतं काय? एक निळा गोळा! मधूनमधून पांढरट ठिपके!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी समजले. यांनी आमची पृथ्वी जाळ्याला बांधली!

"धर्माभाऊ! थांबा! सोडा तिला!" असं ओरडत मी धावत सुटले. वाटेत दोन बाया मासळी सुकवत होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, कं झालं?" मी नुसतं म्हटलं, "वनिता… पाण्यात…" मला म्हणायचं होतं, वनितानं नेलेला गोल पाण्यात आहे. पण दम कुठे होता?

मागे एकच कालवा उठला. "धर्माची पोर पडली गो!" टोपल्या टाकून बाया धावल्या, जाळी टाकून गडी धावले.

ओहोटी होती. समोर सपाट, चकचकीत काळी जमीन. मला वाटलं, जमीन आहे. पहिल्या पावलाला घोटा गेला, दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला डाव्या पायातली चप्पल गेली ती आजतागायत गेली. पण मी मागे फिरले नाही. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत रुतले, पुढे झेप टाकली आणि तो गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

तेवढ्यात धर्माभाऊ होडीतून उडी मारून आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, वनिता कुठं हाय? कुठं पडली?"

"वनिता नाही हो," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "पृथ्वी! पृथ्वी पडलीय!"

धर्माभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीशी धरलेल्या वस्तूकडे पाहिलं. मीही पाहिलं. प्लास्टिकचा बोया. ना आशिया, ना आफ्रिका. ते पांढरे ठिपके म्हणजे वाळलेलं मीठ.

"यो आमचा बोया हाय, बाई," ते अगदी हळू म्हणाले. "तुमचा गोल वनिताची आयस घेऊन गेलीय शालेत. पोरीच्या हातून पडंल म्हणून. बांधावर पाय घसरंल म्हणून लांबच्या रस्त्यानं गेल्या दोघी. दोन दिस तो गोल तिच्या लग्नाच्या शालूत ठेवला होता. आमी पण हात धुऊनच बघायचो."

ऐकलंत? शालूत! आणि मी ही माणसं काय करतील असं धरून चालले होते? चिखलापेक्षा त्या एका वाक्यानं मी जास्त रुतले. पण खरं सांगू? त्याच क्षणी छातीवरचा मणभर दगडही उतरला. हुश्श! पोर सुखरूप, पृथ्वी सुखरूप. मी हसू लागले, धर्माभाऊ हसू लागले, काठावरचा अख्खा गाव हसू लागला. चौघांनी दोर टाकून मला बाहेर काढलं. शिक्षिका ओढून काढायची त्यांचीही पहिलीच वेळ असावी.

शाळेत पोचले तेव्हा साहेब येऊन बसले होते. टेबलावर मधोमध शालूच्या घडीवर आमची पृथ्वी झळकत होती. बाजूला वनिता आणि तिची आई, दोघी ताठ उभ्या. म्हणजे गुरुजींना सगळं कळलं होतं!

साहेब म्हणाले, "या बाई! गुरुजी सांगत होते, तुमच्या शाळेत गोल मुलांच्या घरी जातो. बाकीकडे नुसता कुलपात असतो हो. कल्पना कोणाची?"

मी तोंड उघडणार तोच गुरुजी म्हणाले, "बाईंची. मी परवानगी दिली."

परवानगी! त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा साहेबांसमोर खोटं बोलून मला वाचवलं. मला तिथेच रडू आलं असतं, पण डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.

साहेबांनी वही उघडली. गुरुजी एकेक वस्तू वाचू लागले.

"नकाशे, चार. सुस्थितीत. घंटा, एक. सुस्थितीत. पृथ्वीगोल, एक. सुस्थितीत."

मग साहेबांची नजर माझ्यावर आली. कमरेपर्यंत काळा चिखल, एका पायात चप्पल, आणि काखेत तो बोया, जो परत द्यायचं मी साफ विसरले होते.

"आणि ह्या?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी चष्मा सारखा केला, मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि जन्मात कधी विनोद न केलेल्या आवाजात वाचून दाखवलं:

"शिक्षिका, एक. दुरुस्तीस पात्र."