पक्के दात

देवणीचे एक शेतकरी मला लातूरच्या दातांच्या दवाखान्यात भेटायचे. दिसलो की आधी विचारायचे, "काय खायलात सर?" मला ते झोंबायचं. त्यांचे दात बैलाच्या धडकेनं पडले होते, माझे हिरड्यांच्या आजारानं. त्यात माझ्या जबड्याचं हाडही झिजलं, म्हणून मला कवळी मिळाली. त्यांच्या शाबूत हाडात मात्र स्क्रूचे पक्के दात बसले.

एकदा खानावळीत आम्ही सोबत जेवलो. भाकरी चावताना माझी कवळी सरकली. ती काढून मी भाकरी वरणात कुस्करली. त्यांनीही आपली कुस्करली.

"तुम्ही कशाला?"

"मला अशीच लई आवडती," ते म्हणाले.

दातांचा हेवा तर होताच. आता त्यांचा चांगुलपणाही मला खुपू लागला.