फाट्यावरचा सांगावा

आष्ट्यात माझं सायकलचं दुकान आहे. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. गिऱ्हाईक भाव विचारतं, मी सांगतो, ते मुकाट्यानं पैसे काढतं. अशा गिऱ्हाइकाचा मला राग येतो. समोरच्यानं नाही म्हणावं, उठून चार पावलं जावं, मी हाक मारावी, तेव्हा कुठं सौदा झाल्यासारखा वाटतो. ही सवय मला एका माणसानं लावली. त्याच्याच बाबतीत लोकांनी माझ्याशी जे केलं, ते मी अजून गिळलेलं नाही.

सत्तरनंतरची ती वर्षं. उंब्रजच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आम्ही काही जण सायकलनं दूध खाली आणायचो. आमच्या सायकलींना मडगार्ड नसायचे, चिखल अडकतो म्हणून. घंटी नसायची, कारण त्या दगडगोट्यांतून येताना अख्खी सायकलच वाजायची. खाली डांबरी सडकेवरचे दूधवाले वेगळे. ते हायवेच्या गावांतून दूध घेऊन कऱ्हाड-मलकापूरला जायचे. त्यांच्या सायकली तेल दिलेल्या, सीटवर मखमलीचं कव्हर. ते आम्हाला खेचरवाले म्हणायचे. आम्ही त्यांना इस्त्रीवाले म्हणायचो, कारण कऱ्हाडला पोचेपर्यंत त्यांच्या सदऱ्याला चुणी पडायची नाही.

डोंगरची वाट सडकेला मिळते त्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल होतं. चिडवाचिडवी तिथं चालायची. पण काही गोष्टी दोन्हीकडून पाळल्या जायच्या. चढावर भरल्या किटल्यांचा माणूस गाठला तर त्याला मागं टाकायचं नाही. पाठीला हात लावून त्याला माथ्यापर्यंत रेटायचं, मग उतारावर हवी तेवढी शर्यत. आणि दुसरी गोष्ट मयताच्या सांगाव्याची. सडकेच्या गावात कुणी गेलं आणि डोंगरातल्या पाहुण्यांना कळवायचं असलं, तर सडकवाला फाट्यापर्यंत यायचा आणि पहिला दिसेल त्या डोंगरवाल्याला सांगायचा. तो भरल्या किटल्या हॉटेलात ठेवून, चहाचा घोटही न घेता परत वर जायचा. आमच्याकडचं मयत असलं तर ह्याच्या उलट. या एका गोष्टीत कधी घासाघीस झाली नाही.

बाकी सगळ्यात व्हायची. यात्रेला दोन्ही बाजूंची सायकल शर्यत असायची, नारळ आणि फेट्याची. तिच्यात सडक किती आणि डोंगर किती हे आधी ठरवावं लागायचं. आमच्या बाजूनं मी बोलायचो, त्यांच्या बाजूनं तो. माझ्याच वयाचा, काटकुळा, आवाज मात्र पहिलवानाचा. यात्रेआधी आठवडाभर आमचं भांडण चालायचं. तो म्हणायचा शर्यत ओढ्याच्या पुलावर संपवायची, मी म्हणायचो वरच्या देवळाच्या पायरीला. मी बाकावर मूठ आपटायचो, तो सायकलवर टांग टाकून निघायचा, पुलापर्यंत जाऊन माझ्या हाकेवर परत यायचा. दोन वर्षं तर आम्ही एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. बघणाऱ्यांना वाटायचं, या दोघांचं हाडवैर आहे. पण गळपट्टी सुटली की तो माझ्या मागच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघायचा आणि स्वतःचा पंप काढायचा. ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

एका वर्षी आमची घासाघीस देवळाखालच्या आंब्यापर्यंत आली होती. संध्याकाळी निघताना तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो गड्या, आनि आंबा काय तुला देत न्हाई."

सकाळी मी दूध घालून फाट्यावर येऊन बसलो. तो आला नाही. मला वाटलं, मुद्दाम खोळंबा करून मला उतावीळ करतोय. हॉटेलवाल्यापुढं मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. हॉटेलवाला एरवी भांडणात तेल ओतणारा, त्या दिवशी खाली मान घालून कपबश्या विसळत राहिला. मला चहा दिला आणि आत निघून गेला.

ऊन चढल्यावर डोंगरच्या वाटेनं माणसं उतरताना दिसली. पुढं त्याची बहीण. ती आमच्याच वाडीत दिलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी बायका धरून चालत होत्या. मागं दोन सडकवाले, त्यांच्या गुळगुळीत सायकली दगडांतून हातानं ढकलत. सडकवाला त्या वाटेला मी कधी बघितला नव्हता. बहीण माझ्यापुढं थांबली.

"दादा, तुमी हितं बसलाय? तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

आदल्या संध्याकाळी फाट्यावरून घरी जाताना त्याला ट्रकनं उडवलं होतं.

मी तिला माझ्या कॅरिअरवर बसवलं आणि सडकेला लागलो. ते दोघे मागून येत होते. त्यांच्या सायकली हलक्या, सडक त्यांची, पण त्यांनी मला मागं टाकलं नाही. गावच्या चढाला माझा दम तुटला तेव्हा त्यातल्या एकानं माझ्या पाठीला हात लावला. मी तो झटकला.

तिरडी उचलताना मी पुढं झालो. एका सडकवाल्यानं माझा दंड हळूच धरून मला बाजूला केलं. म्हणाला, "तुमी ऱ्हाऊ द्या. लांबनं आलाय, दमलाय." अगदी आदरानं म्हणाला. मी मागं, पाव्हण्यांच्या घोळक्यात चालत गेलो.

नदीवरून परतताना मी त्याला गाठून विचारलं, सांगावा फाट्यावर माझ्याकडं का दिला नाही. मी तर तिथंच बसलो होतो.

"तुमचं त्येंचं वाकडं," तो म्हणाला. "तुमच्या तोंडनं ह्यो सांगावा वर जायचा, म्हंजे तुमालाच अवघड. म्हून आमीच ओढ्याच्या अंगानं गेलो."

मला चुकवायला ते ओढ्यातून सायकली खांद्यावर घेऊन चढले होते. हॉटेलवाल्यालाही त्यांनीच गप्प बसायला सांगितलं होतं. तसं बघितलं तर माझी कदर म्हणूनच.

त्या वर्षीची यात्रा शर्यतीशिवायच गेली. पुढच्या वर्षी सडकवाले आपणहून फाट्यावर आले. त्यांच्या बाजूनं बोलायला आता एक पोक्त माणूस होता. शर्यत कुठं संपवायची, त्यानं विचारलं. मी म्हणालो, वरच्या देवळाला.

"बरं."

मी म्हणालो, सुरुवातही डोंगरातच करायची, सडकेवर चाक लागता कामा नये. त्यानं आपल्या माणसांकडं बघितलं. आता तरी कुणी उठेल, बाकावर मूठ आपटेल, सायकलवर टांग टाकून पुलापर्यंत जाईल, म्हणून मी थांबलो.

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला. "गेल्या मानसाच्या मागं तुमच्याशी वाद नको."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा तसाच ठेवला आणि सायकल घेऊन निघालो. पुलापर्यंत गेलो. तिथं बराच वेळ उभा राहिलो, पण मागून कुणी हाक मारली नाही.