रूथमावशी आणि अर्जुनाची रांग

रूथमावशींच्या पर्समध्ये चष्मा, रुमाल, बायबल आणि पक्कड एवढ्या वस्तू कायम असत. नोएडातल्या आमच्या सोसायटीत राहायला आले, त्याच आठवड्यात मी त्यांना पाहिलं. कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेली सत्तरीची बाई वॉचमनच्या खुर्चीवर उभी राहून फाटकाबाहेरच्या कडुनिंबातले खिळे उपसत होती. झाडावर कुठल्याशा ट्यूशन क्लासची पाटी ठोकलेली होती. मावशी खाली उतरल्या, पाटी काखोटीला मारली आणि थेट क्लासवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "भाईसाब, आपका सामान हमारे पेड पे रह गया था," असं म्हणत त्यांनी पाटी आणि खिळे त्याच्या टेबलावर ठेवले. आवाज जराही चढवला नाही. तो बिचारा 'थँक यू' म्हणून बसला!

रूथ साळवे मूळच्या नगरच्या. सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात झाली आणि संसार सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. सोसायटीला त्या साळवे मॅडम, आम्हा चार मराठी घरांच्या मात्र मावशी. घरात नवं लाकूड म्हणून येऊ देत नसत. शेजाऱ्यांनी जुने दरवाजे काढून टाकले, तेव्हा त्यातलाच एक उचलून त्यांनी सुताराकडून जेवणाचं टेबल करून घेतलं. त्या टेबलाला किल्लीचं भोक होतं आणि पाहुण्यांची भाताची शितं हमखास त्यातून खाली पडत. आम्ही चिडवलं की म्हणायच्या, "लाकूड जुनं होत नाही गं. आपणच लवकर कंटाळतो."

अशा काटकसरी बाईचा एकाच चैनीवर जीव होता, तो म्हणजे गाडी. पन्नाशीनंतर शिकल्या, पण चालवायच्या झोकात. दर रविवारी यमुना ओलांडून दिल्लीतल्या चर्चला स्वतः जात आणि वाटेत कुणी आडवा आला की पुटपुटत, "काय यार, इंडिकेटर काय शोभेला दिलाय?"

आमच्या मागच्या भिंतीलगत अर्जुनाच्या झाडांची रांग आहे. सोसायटीत गाड्या वाढल्या, तसा कमिटीचा डोळा त्या रांगेवर गेला. रीतसर परवानगी काढू, झाडं हटवू आणि तिथे पार्किंग करू, असं सेक्रेटरी चड्ढाजींनी मीटिंगमध्ये मांडलं. आमच्याकडे पार्किंगपायी माणूस सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी उभ्या राहिल्या.

"चड्ढाजी, मेरी जगह ले लीजिए. गाडी मैं बेच रही हूँ."

"मॅडम, एक जगह से क्या होगा?"

"अच्छा, तो एक पेड तो छोडिए. बाकी के लिए मैं घर घर जाके माँगूँगी."

लोक हसले. मावशींनी आपली जागा लेखी देऊन टाकली, गाडी विकली आणि ज्यांच्याकडे दोन-दोन गाड्या होत्या त्यांची दारं वाजवायला लागल्या. आमच्याकडेही आल्या. "अगं, तुमची ती दुसरी गाडी आठवडाभर पांघरूण घेऊन झोपलेली असते. तिला एखादं कामाचं घर तरी बघा!" ह्यांनी चहा पाजून विषय टाळला. बहुतेक घरांत तेच झालं.

मग रविवार उजाडला. मे महिन्याच्या उन्हात मावशी छत्री धरून फाटकाशी ई-रिक्षाची वाट पाहत उभ्या. चड्ढाजींनी गाडी थांबवली. "आइए मॅडम, छोड देता हूँ."

"नहीं जी. आज आप ले जाएँगे, अगले संडे कौन? मुझे आदत डालनी है."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. सगळी सोसायटी आपापल्या बाल्कनीतून बघत होती. शेवटी एका रविवारी ह्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "विकून टाकू आपली दुसरी. बघवत नाही." त्याच आठवड्यात चड्ढाजींनीही घरातली एक गाडी विकून टाकली. मग एकाचं पाहून दुसरा, असं होत जागा मोकळ्या झाल्या आणि कमिटीने झाडं तोडायचा बेत गुंडाळला. माझी छाती अभिमानाने अशी फुगली की नागपूरला सासूबाईंना फोन करून 'आमच्या मावशी, आमच्या मावशी' करत सुटले. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "माझं कसलं कौतुक? देणाऱ्यांचं कर. मी नुसतं मागितलं."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. त्यांची मुलगी पुण्याहून फ्लॅट विकायला आली. प्रॉपर्टी डीलरने घर पाहिलं, खूश झाला आणि विचारलं, "पार्किंग किधर है जी? उसके बिना रेट नहीं आएगा."

ती त्याला मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. मीही गेले. अर्जुनाच्या पांढुरक्या खोडाला तिने हात लावला.

"ये रही."

"यहाँ तो पेड खडा है, मॅडम."

"हाँ. हमारी पार्किंग में यही खडा रहता है," ती म्हणाली. "जिसे चलेगा, घर उसी को देंगे."